शारदा सदन, 1893 : रमाबाईंच्या खोलीचे उघडे दार

ऑगस्ट 1893 मध्ये पुण्याहून बॉस्टनला, शारदा सदनाला पैसा पुरवणाऱ्या अमेरिकन मंडळाकडे, एक पत्र गेले. महादेव गोविंद रानडे, डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर आणि त्यांचे सहकारी शारदा सदनाशी असलेला सल्लागार म्हणून संबंध तोडत होते. त्यांचे म्हणणे असे की, विधवांच्या शिक्षणासाठी निघालेली आणि धर्माच्या बाबतीत तटस्थ राहण्याचे वचन दिलेली ही संस्था मुलींना ख्रिस्ती धर्माकडे नेऊ लागली आहे, तेव्हा आमचे नाव तिच्याशी जोडलेले राहू नये. पुण्यात त्याआधीच गदारोळ उठला होता. ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली होती आणि पालक येऊन आपापल्या मुली घरी नेत होते.

एवढे सगळे घडायला सदन चालवणाऱ्या पंडिता रमाबाईंनी काय केले होते? त्या आपल्या खोलीत, आपल्या मुलीला, मनोरमेला, जवळ घेऊन बायबल वाचत आणि प्रार्थना करत. खोलीचे दार त्या उघडे ठेवत. कोणाला हाक मारत नसत आणि कोणी दारात येऊन बसले तर उठवूनही लावत नसत. मुली येऊन बसू लागल्या. हळूहळू रोज येणाऱ्या मुली वाढल्या.

वरून, म्हणजे देवाकडून, येणारे ज्ञान माणसाच्या जगण्यातून दुसऱ्यापर्यंत कसे पोचते, हा प्रश्न आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांत उपदेशापुरता उरला आहे. शारदा सदनाचे प्रकरण त्याला जमिनीवर आणते. इथे जिच्या विश्वासाचा परिणाम होतो ती बाई आहे, ज्यांच्यावर होतो त्या परावलंबी मुली आहेत, विरोध करणारे लोक सज्जन आहेत, आणि दोन्ही बाजूंनी मोजलेली किंमत खरी आहे. म्हणून हे प्रकरण नीट उलगडून पाहावेसे वाटते.

सुरुवात कराराने झाली. रमाबाई 1886 मध्ये अमेरिकेला गेल्या त्या आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी. तिथे त्यांनी उच्चवर्णीय हिंदू विधवांची स्थिती सांगत गावोगाव भाषणे केली आणि डिसेंबर 1887 मध्ये बॉस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. भारतात विधवांसाठी शाळा चालवायला दहा वर्षे पैसा पुरवायचा, असे तिने ठरवले. अट एक होती: शाळेत धर्म शिकवायचा नाही आणि कोणाच्या धर्माचरणात ढवळाढवळही करायची नाही. 11 मार्च 1889 ला मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन उघडले, आणि पुढच्याच वर्षी ते पुण्याला हलले. रमाबाई स्वतः ख्रिस्ती होत्या हे सर्वांना ठाऊक होते. तरी रानडे, भांडारकर यांच्यासारखी माणसे सल्लागार म्हणून पुढे आली, कारण बालविधवेसाठी एवढे कोणीच करत नव्हते.

करार रमाबाईंनी अक्षरशः पाळला. सदनात मुलींना आपापले सोवळे-ओवळे पाळता येई. स्वयंपाक ब्राह्मणी रीतीने होई. रमाबाई स्वतः ख्रिस्ती झाल्यावरही शाकाहारी राहिल्या होत्या. कोणाची पूजा कोणी बंद केली नाही. घरात ‘पांढऱ्या पायाची’ म्हणून हिणवली गेलेली, केशवपन झालेली, एका वेळच्या जेवणावर ठेवलेली मुलगी इथे आली की तिच्या हातात पाटी येई आणि तिला कोणी अपशकुनी म्हणत नसे. याच्या बदल्यात तिच्याकडून श्रद्धा मागितली जात नव्हती. हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. ज्या हाताने भाकरी द्यायची त्याच हाताने मान वाकवायची, हा मोह धर्मकार्यातल्या माणसाला नेहमी असतो. सदनात तो मोह आवरलेला दिसतो.

तो का आवरला गेला, याचे उत्तर रमाबाईंच्या स्वतःच्या वाटेत आहे. त्यांना वादात कोणी जिंकले नव्हते. अनंतशास्त्री डोंगऱ्यांची ही मुलगी. 1870 च्या दशकातल्या दुष्काळात तिने आईबाप गमावले, भावाबरोबर पायी भारत पालथा घातला, आणि कलकत्त्याच्या विद्वानांनी तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवले. अशा बाईला वादात हरवणे सोपे नव्हते. इंग्लंडला गेल्यावर वाँटेज इथल्या ख्रिस्ती मठातल्या सिस्टरांनी तिला लंडनमधल्या फुलम इथे चालवलेले एक घर दाखवले. समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांना तिथे जपून, मानाने पुन्हा उभे केले जाई. तुम्ही अशा बायकांशी इतक्या दयेने का वागता, असे रमाबाईंनी विचारले, तेव्हा एका सिस्टरने त्यांना शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखवली. समाजाने हलकी मानलेली आणि तरीही येशू जिच्याशी मोकळेपणाने बोलला ती, बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायातली विहिरीवरची बाई रमाबाईंच्या मनात रुतून बसली. दुसरीकडे नीलकंठशास्त्री गोरे, म्हणजे फादर नेहेम्या गोरे, यांची पत्रे होती. त्यांत पांडित्य होतेच, पण त्याहून ठळक होती त्या संन्यस्त माणसाची नम्रता. 29 सप्टेंबर 1883 ला रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

आधी कृती पाहिली, प्रश्न मनात आला, मग वचन ऐकले. त्यांच्यापर्यंत ख्रिस्त या क्रमाने पोचला.

त्याच इंग्लंडमध्ये त्यांना याच्या उलटही अनुभव आला. बाप्तिस्म्यानंतर काय मानायचे, कोणाला शिकवायचे, कोणाला शिकवायचे नाही, हे वरून ठरवले जाऊ लागले, तेव्हा त्यांनी पत्रांतून ठणकावून सांगितले की भारतातल्या पुरोहितवर्गाचे जोखड मोठ्या कष्टाने मानेवरून काढले आहे, आता तसलेच दुसरे जोखड घ्यायला मी तयार नाही. स्वतःच्या सद्‌सद्विवेकावर कोणी बसू पाहिले तर काय वाटते, हे ज्या बाईला इतके आतून कळले होते, तिने पुढे हाताखालच्या विधवांच्या विवेकावर बसायला नकार दिला, यात मला सुसंगती दिसते.

आता प्रकरणाचा खरा कलाटणीबिंदू. सदन 1889 ला सुरू झाले आणि वादळ 1893 ला उठले. नियम तेच होते, दारही तेच होते. मध्यंतरी बदलल्या त्या रमाबाई. बाप्तिस्म्यानंतर साधारण आठ वर्षांनी, 1891 च्या सुमारास, त्यांना जाणवले की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला आहे, पण ख्रिस्त मिळालेला नाही. एका इंग्रज पाळकाची साक्ष त्यांच्या वाचनात आली. तो स्वतः वर्षानुवर्षे उपदेश करूनही आतून रिकामा होता आणि नंतर त्याचे परिवर्तन झाले होते. रमाबाईंनी स्वतःकडे पाहिले. आपण धर्माची तत्त्वे समजून घेतली, मान्य केली, पण पापी म्हणून त्या पायांशी गेलोच नाही, असे त्यांना वाटले. त्यानंतर त्यांच्या प्रार्थनेत जे आले ते आधी नव्हते.

मुलींनी ते ओळखले. शाळेत, वसतिगृहात राहिलेल्या कोणालाही हे पटेल की मुलांना मोठ्यांचा चेहरा वाचता येतो. जिला आपण आईच्या जागी मानतो ती रोज सकाळी कोणाशी तरी बोलते आहे, खरेच बोलते आहे, आणि बोलून उठल्यावर तिचा दिवस वेगळा जातो आहे, हे दिसल्यावर मुली दाराशी येऊन बसणारच. ओढ नियमांतून निर्माण झाली नव्हती, म्हणून ती नियमाने थांबवताही येत नव्हती. सल्लागारांची खरी अडचण हीच होती.

त्यांची बाजू प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. ख्रिस्ती लेखनात रानडे आणि भांडारकर यांना इथे घाबरट किंवा आडमुठे ठरवण्याची सवय आहे; ती अन्यायाची आहे. पुण्याचे वातावरण आठवा. ऑक्टोबर 1890 मध्ये पंचहौद मिशनमध्ये काही मंडळींनी चहा घेतला, एवढ्यावरून ग्रामण्य, म्हणजे जातीतून बहिष्काराचे प्रकरण, झाले. रानडे आणि टिळक दोघेही त्यात सापडले आणि शेवटी प्रायश्चित्तापर्यंत गोष्ट गेली. मिशनच्या चहाने जिथे जात जायची पाळी येत होती, तिथे ख्रिस्ती बाईने अमेरिकेतल्या पैशावर चालवलेल्या घरात आपली विधवा मुलगी पाठवायला पालकांना किती धीर करावा लागला असेल! तो धीर त्यांना आला, कारण रानड्यांसारख्यांनी शब्द टाकला होता. मुली बायबल ऐकायला बसतात हे बाहेर कळले तेव्हा शब्द गेला तो त्यांचा. शिवाय त्यांचा एक प्रश्न आजही लागू पडतो: जी मुलगी सर्वस्वी दुसऱ्याच्या आश्रयाला आहे, जिला परत जायला धड घर नाही, तिने आश्रयदात्याचा विश्वास पत्करला तर ती निवड मोकळी म्हणायची का?

प्रश्न रास्त आहे, आणि ख्रिस्ती माणसाने तो झटकू नये. बायबलमधल्या याकोबाच्या पत्राचा तिसरा अध्याय याच जागी उपयोगी पडतो. त्याची सुरुवात, तुमच्यातल्या पुष्कळांनी शिक्षक होऊ नये, या इशाऱ्याने होते. जो शिकवतो त्याचा न्याय अधिक कडक. मग जिभेचा विषय येतो, आणि त्यानंतर विचारले जाते की तुमच्यात ज्ञानी कोण? ज्ञान सिद्ध करायची जागा याकोब सांगतो ती वागणूक, आणि तीही सौम्यतेची. सतराव्या वचनात वरून येणाऱ्या ज्ञानाची लक्षणे येतात: ते आधी शुद्ध, मग शांतिप्रिय, सौम्य, दुसऱ्याचे ऐकून घेणारे, दयेने आणि चांगल्या फळांनी भरलेले, पक्षपात न करणारे, ढोंग नसलेले असते. ही लक्षणे घेऊन सदनात शिरून पाहू.

पक्षपात नव्हता का? याची कसोटी न येणाऱ्या मुलीवर लागते. जी प्रार्थनेला बसली तिला जवळ करणे सोपे. जी बसली नाही तिचे काय झाले हे पाहायला हवे. इथे गोदूबाईंचे उदाहरण आहे. बालपणीच विधवा झालेल्या गोदूबाई सदनाच्या अगदी पहिल्या विद्यार्थिनींपैकी. त्या रमाबाईंच्या सहवासात काही वर्षे राहिल्या, शिकल्या, आणि हिंदूच राहिल्या. मार्च 1893 मध्ये, म्हणजे वादळ फुटण्याच्या काही महिने आधी, फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवणाऱ्या धोंडो केशव कर्व्यांशी त्यांचा पुनर्विवाह झाला. लग्नानंतर त्या आनंदीबाई कर्वे झाल्या. या लग्नाला रमाबाईंचा पाठिंबा होता. ख्रिस्ती न झालेल्या विद्यार्थिनीचे नवे आयुष्य सुरू होताना त्यांनी हात आखडला नाही. सल्लागारांच्या प्रश्नाला माझ्या दृष्टीने सर्वांत भक्कम उत्तर हेच आहे. जिथे ‘नाही’ म्हणणाऱ्या मुलीचे काही बिघडत नाही, तिथे दुसरीच्या ‘हो’ला अर्थ असतो.

आणि परिणाम तिथे संपला नाही. कर्व्यांच्या मुरूड गावी वाळीत टाकले गेलेले कर्वे दांपत्य मागे हटले नाही. 1896 मध्ये कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रमाची मंडळी उभी केली, ते काम पुढे हिंगण्याला गेले. आनंदीबाईंची बहीण पार्वतीबाई आठवले तिथे राबल्या. 1916 मध्ये महिला विद्यापीठ आले. या साखळीच्या पहिल्या कड्यांत चौपाटीजवळचे ते घर आहे. हे काम पूर्णपणे हिंदू समाजातले, हिंदू माणसांनी केलेले, आणि श्रेय त्यांचेच. तरीही विधवेला आधी माणूस मग विद्यार्थिनी म्हणून वागवणारे घर आनंदीबाईंनी आधी आतून पाहिले होते, ही वस्तुस्थिती आहे.

आपल्याकडे साक्षीचे फळ बाप्तिस्म्यांच्या आकड्यांत मोजतात. याकोबाच्या यादीत दया आणि चांगली फळे एकत्र येतात, आणि त्या फळांवर मंडळीचा शिक्का असण्याची अट तिथे नाही. गोदूबाईंच्या रूपाने रमाबाईंच्या विश्वासाचा परिणाम अशा घरांत पोचला जिथे ख्रिस्ताचे नाव घेतले गेले नाही. कोणी म्हणेल की मग त्याला ख्रिस्ती परिणाम कसे म्हणायचे? मी म्हणेन. देवाचे ज्ञान ज्याच्यात राहते त्याच्याकडून शेजाऱ्याचे भले होते, आणि ते भले करण्यापूर्वी शेजाऱ्याची संमतीची सही मागितली जात नाही.

ढोंग नव्हते का, या प्रश्नाशी मात्र थांबावे लागते. दार बंद करून प्रार्थना करणे रमाबाईंना शक्य होते. तसे केले असते तर सदन कदाचित अखंड राहिले असते, आणि ज्या मुलींना पालकांनी ओढून नेले त्यांच्यापैकी काहींचे शिक्षण पुरे झाले असते. ही किंमत मुलींनी मोजली आहे. रमाबाईंचे कौतुक करताना ती विसरणे बरे नाही. पण ज्या मुली दिवसभर आपल्या खोलीत हक्काने येतात-जातात, त्यांच्यासाठी ते दार नेमके प्रार्थनेच्या वेळी लावून घेणे म्हणजे आपल्या आयुष्यातली सर्वांत मोलाची गोष्ट चोरून करायची, असा धडा देणे झाले असते. दिवा लावून तो मापाखाली झाकून ठेवू नये, असे प्रभू येशूने जे सांगितले ते इथे शब्दशः लागू होते. दार उघडे ठेवणे हे ढोंग नसल्याचे लक्षण होते. ते बरोबरच होते, असे माझे मत आहे.

जिथे मला उणीव दिसते ती जागा वेगळी आहे. 1891 नंतर आपल्यात झालेला बदल रमाबाईंनी पालकांपुढे आणि सल्लागारांपुढे आपणहून, लवकर आणि स्पष्ट मांडायला हवा होता. ‘धर्म शिकवणार नाही’ या वाक्याचा अर्थ रमाबाईंच्या लेखी एक होता आणि रानड्यांच्या लेखी दुसरा. रमाबाईंसाठी शिकवणे म्हणजे वर्गात बसवून शिकवणे. स्वतःचा विश्वास जगणे त्यात येत नव्हते. रानड्यांसाठी, मुलींच्या मनावर त्या धर्माची छाप पडू न देणे हेच तटस्थपण होते. पहिल्या दोन वर्षांत हा फरक उघड झाला नाही, कारण रमाबाईंच्या जगण्यात अजून ती धग नव्हती. धग आली तेव्हा करार जुना पडला होता, आणि बसून तो नव्याने बोलून घेण्याऐवजी बातमी वर्तमानपत्रांतून आणि कुजबुजीतून पालकांपर्यंत गेली. शांतिप्रिय ज्ञानाला एवढे करणे जमले असते. विरोध तरीही झाला असता, पण फसवल्याची भावना कमी झाली असती.

पुढचे थोडक्यात. बॉस्टनच्या मंडळाने रमाबाईंवरचा विश्वास काढला नाही आणि सदन चालू राहिले. 1896-97 च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुली घेऊन परतल्या. पुण्याजवळच्या केडगावच्या शेतावर मुक्ती ही त्यांची नवी संस्था उभी राहिली, दहा वर्षांची मुदत संपल्यावर जुनी अटही उरली नाही, आणि मुक्तीत ख्रिस्ताचे नाव उघडपणे घेतले गेले. तिथला इतिहास मोठा आहे, पण तो या प्रकरणाबाहेरचा आहे. सर्वांसमोर ख्रिस्ती म्हणून चालवलेल्या संस्थेत साक्ष देणे तुलनेने सरळ असते. शारदा सदनातली परिस्थिती अवघड होती: दुसऱ्यांचा विश्वास, दुसऱ्यांच्या मुली, दिलेला शब्द, आणि आत पेटलेली ज्योत.

आज हीच परिस्थिती आपल्यातल्या अनेकांची आहे. ख्रिस्ती वसतिगृहाची अधीक्षिका, मिशनच्या दवाखान्यातली परिचारिका, सरकारी शाळेतला ख्रिस्ती शिक्षक, सगळ्यांच्या हाताखाली त्यांच्यावर अवलंबून असलेली माणसे आहेत, आणि बहुतेक वेगळ्या धर्माची. काळही संशयाचा आहे. अशा जागी काम करणाऱ्याने शारदा सदनातून दोन गोष्टी घ्याव्यात असे मला मनापासून वाटते. प्रवेशाच्या दिवशीच पालकांना समोर बसवून सांगावे: मी ख्रिस्ती आहे, मी रोज प्रार्थना करते, माझी खोली मुलींना बंद नसते, तुमच्या मुलीला त्यात बसायची सक्ती नाही आणि ती बसू नये असे तुम्हाला वाटत असेल तर आजच सांगा, मी ते पाळीन. आणि वर्षाच्या शेवटी स्वतःला विचारावे की जी मुलगी कधीच प्रार्थनेला आली नाही, तिच्या फीची, आजारपणाची, परीक्षेच्या आदल्या रात्रीच्या रडण्याची काळजी मी इतर मुलींइतकीच घेतली का. या प्रश्नाचे उत्तर अधीक्षिकेने न देता त्या मुलीलाच विचारले तर अधिक बरे.